नि वर थोडं

तांबट आळीत आमचं घर.
ठोक्यांवर झोप लागायची,
ठोके थांबले की जाग यायची.
अप्पा घंगाळाच्या काठाभोवती दोरी फिरवत,
मग तीच सोडवून तोंडावर आडवी टाकत:
एक, दोन, तीन,
नि वर थोडं.
थोडं म्हणजे किती?
"हाताला विचार," म्हणत.

सातवीत बाईंनी फळ्यावर लिहिलं, बावीस छेद सात.
मी घरी येऊन अप्पांना चूक ठरवलं.
ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत.
एक ठोका चुकला, एवढंच.

मग नोकरी. केंद्रप्रमुख. मग जिल्ह्याच्या गणिताची मॅडम,
सावळघाटात तापणारी सरकारी जीप,
आणि रकाने, रकाने.

पेठच्या बाजारात एकदा यमुना भोये दिसली,
आईशेजारी नागली मापताना.
गिऱ्हाईक गरीब, पोरगी माप उतरवत गेली:
पायली नको? अडशिरी घे. शेर घे.
मापटं, चिपटं, कोळवं,
थेट निळव्यापर्यंत.
निम्म्याचं निम्मं, सहा वेळा,
एक छेद चौसष्ट, नाव न घेता.
तिच्या प्रगतिपत्रकावर होतं:
अपूर्णांक, येत नाही.
खाली सही माझी.

त्या वर्षी प्रशिक्षणाला मी घंगाळ नेलं.
चाळीस शिक्षक, एक दोरी, खूप हसू.
गांगुर्डे गुरुजी मागून म्हणाले,
"मॅडम, परीक्षेत येणार का हे?"
प्रश्नपत्रिकेच्या समितीत मीच होते,
तरी उत्तर सुचेना.
अहवालात घंगाळाची नोंद झाली:
शैक्षणिक साहित्य, एक नग.

पुढे आलं परीक्षेत. एक प्रश्न, दोन गुणांचा.
त्यासाठी अकरा वर्षं गेली,
आणि छापताना कोळव्याचं कोवळं झालं.

निवृत्तीच्या संध्याकाळी नारळ, शाल घेऊन घरी आले.
अप्पांच्या कानांनी केव्हाच काम सोडलेलं,
साठ वर्षांचे ठोके आत साचलेले.
बोलायचं ते पाटीवर लिहायचं.
मी लिहिलं:
तुमचं थोडं सापडलं, अप्पा.
तीन पूर्णांक, मग एक, चार, एक, पाच, नऊ.

त्यांनी आकड्यांवरून अंगठा फिरवला,
काठाचा पोचा शोधावा तसा.
शेवटच्या नवापाशी थांबले.
"नि वर?"

मी आणखी एक आकडा लिहिला.
ते अंगठा तिथेच धरून बसले,
पाटीच्या कडेला,
जिथे माझी जागा संपत होती.