दोन मिनिटं चाळीसवरचा सीगल

गावाचं नाव हल,
आणि गिगला कुणी जागचं हलत नाही.
हाताची घडी, ग्लास छातीशी,
फारच आवडलं तर उजवा गुडघा, थोडासा.
हे कळायला मला दोन वर्षं लागली.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्ही अकरा जण होतो,
बारावा कुत्रा, बारमालकाचा.
पबमागची खोली, चिकट कार्पेट.
बॅण्डचं नाव थर्सडे बिन्स,
कारण गल्लीतला कचरा गुरुवारी उचलतात
आणि दुसरं काही सुचलं नाही,
असं ब्रायोनी माइकवर म्हणाली
आणि गिटार न जुळवताच सुरू झाली.
मी एक्स-रेच्या शिफ्टवरून थेट आलेली,
आयकार्ड गळ्यातच.
दिवसभर लोकांना सांगत होते: श्वास रोखा. आता सोडा.
त्या रात्री शेवटच्या गाण्यापर्यंत
मला कुणी आता सोडा म्हणालं नाही.

कुठला अल्बम आधी ऐकू, विचाराल तर
पहिला नको. पहिल्यात सगळे घाईत आहेत,
गॅव्हिनचा ड्रम म्हणजे जिन्यावरून गडगडलेली भांडी.
तिसरा लंडनला केला. त्याबद्दल बोलायचं नाही.
दुसरा घ्या.
बंद पडलेल्या चॅपलमध्ये, फेब्रुवारीत, चार दिवसांत.
हीटरची खरखर येते म्हणून हीटर बंद.
हातमोज्यांची बोटं कापून वाजवलंय,
ते ऐकू येतं, शपथ.
तिसरं गाणं, टाइड टेबल:
शब्द संपतात, बेस एकटा उरतो
आणि दोन मिनिटं चाळीस सेकंदांवर
छपरावरचा एक सीगल
बरोब्बर समेवर ओरडतो.

मुद्दाम नव्हे. त्याला काय ठाऊक सम.
मुरुडला आम्ही त्याला कुरव म्हणायचो,
पण हा हलचा, चिप्स खाऊन माजलेला,
हा सीगलच.

ज्या हिवाळ्यात माझ्याकडे
एक गादी, एक किटली आणि वकिलाची पत्रं होती
तेव्हा मी हे गाणं वाट बघत ऐकायचे:
आत्ता येईल. आत्ता.
आणि तो यायचा.

मग बाराव्या वर्षी नवी आवृत्ती निघाली.
जाड पाकीट, पारदर्शक निळी रेकॉर्ड, चौतीस पौंड.
सुई ठेवली, डोळे मिटले.
दोन चाळीस.
काही नाही.
फरशी पुसल्यासारखी शांतता.
कुणा हुशार माणसानं पक्षी काढून टाकला होता.
जुळून आलेल्या हाडावरचा वण
फिल्मवरून खोडावा
आणि म्हणावं, बघा, कधी मोडलंच नव्हतं.

शेवटचा कार्यक्रम मार्चमध्ये झाला,
फळबाजाराच्या जुन्या गोदामात. पबमध्ये आता जिम आहे.
चारशे माणसं, घडी घातलेले आठशे हात.
टी-शर्टांच्या टेबलावर गॅव्हिनची आई, डोरीन,
विकत कमी, वाइनगम वाटत जास्त.
हाडंच बघतेस ना अजून, म्हणाली, आणि मला काळा दिला.
काळे ती सगळ्यांना देत नाही.

टाइड टेबल लागलं. शब्द संपले. बेस उरला.
मी पन्नाशीची बाई, गुडघ्याला पट्टा,
माझ्या घशातून काय निघालं मलाच कळेना.
कर्कश. अर्धी मात्रा उशिरा.
पुढचे दोघे दचकले, एकाची बिअर सांडली.
ब्रायोनीनं मान वर केली,
माझ्याकडे नाही, छताकडे पाहिलं
आणि बेसवाल्याला बोटानं खूण केली: परत घे.

तो फिरून आला.
मी तयार होते, श्वास रोखून.
पण माझ्याआधी, मागून,
टी-शर्टांच्या टेबलाकडून
तोंडात वाइनगम असलेला एक सीगल ओरडला.
बरोब्बर.
आणि हल हललं. गुडघ्यापुरतं, पण हललं.

निळी रेकॉर्ड मी परत केली नाही.
दोन चाळीसला आता मीच ओरडते.
शेजारचा कॉलिन भिंत ठोकतो,
दर वेळी समेच्या नंतर.