तबकडी क्रमांक दोनशे सात, बाजू ब

महापे एमआयडीसीत, चौथ्या मजल्यावर
रात्री साडेदहाला मी कानांत केंटकी घालतो.
खाली टपरीवाला शटर ओढतो,
ठाणे-बेलापूर रस्त्यानं कंटेनर जातो, काच थरथरते.
माझ्या कानात एक बाई शेंगा सोलते आहे,
सन एकोणीसशे एकोणचाळीस, ऑक्टोबर,
वार लिहिलेला नाही.

माझं काम गाणं ऐकणं नव्हे,
चौकटी भरणं.
गाणाऱ्याचं नाव. गाव. वाद्य.
विषय: बुडालेला नावाडी, किंवा खून, किंवा देव.
यादीतला एकच निवडता येतो.
तिच्या गाण्यात तिन्ही आहेत.
मी खून निवडला.

मग खरखर काढायची.
काय काय पुसता येईल ते सॉफ्टवेअर पिवळ्या रंगात दाखवतं:
सुईचा ओरखडा, खुर्ची, खोकला,
एक मिनिट बारा सेकंदांवर कोंबडा.
कोंबडा मी ठेवला.
त्याच संध्याकाळी कुणी कापून खाल्लाही असेल त्याला,
तरी आरवतोय अजून, भलत्या वेळी,
नवी मुंबईत.

सातव्या कडव्यापाशी ती थांबते.
म्हणजे चाल पुढं जाते, शब्द येत नाहीत.
मग बोलते, गाण्याहून खालच्या आवाजात:
एवढंच आहे माझ्यापाशी.
उरलेलं बहिणीला येत होतं.
नऊ सेकंद तबकडी नुसती फिरते.
बहिणीचं नाव कुणी विचारलं नाही.
त्याला चौकट नाही.

रविवारी घणसोली गावात गेलो, बामीआत्याकडं.
मिठागरं कुठून कुठवर होती
ते ती दरवेळी खिडकीतून बोटानं दाखवते,
बोट टॉवरच्या आरपार जातं.
धवलारीण होती. आहे अजून,
पण लग्नं आता डीजेच लावतो.
मी मोबाइल तिच्यासमोर उताणा ठेवला,
म्हटलं, हळदीचा धवला सांग.

तिनं असं पाहिलं
जसं मी भर दुपारी, कुणीही मेलेलं नसताना,
तिला रडायला सांगितलं.
"मांडव नाय, हलद नाय, पोरी नाय.
लगीन कोनाचा लावू? तुजे मोबाइलचा?"

हसली. मग खोकली. कुकरची शिट्टी.
पंखा. बाहेर कुणीतरी बोंबील घ्या, बोंबील.
मग माझ्याकडं न बघता:
"आनि माजेकरं निम्माच हाय.
दुसरी बाजू चांगुना उचलाची.
ती गेली."

एकेचाळीस सेकंद. गाणं नाही.

सोमवारी रात्री, कंपनीच्या मशीनवर, मनाई असताना,
मी कोरा फॉर्म उघडला.
गाणारी: बामीबाय हशा भोईर.
गाव: घणसोली.
वाद्य: कुकर, असं लिहिलं आणि खोडलं,
आणि परत लिहिलं.
विषय यादीत सापडला नाही.
सॉफ्टवेअरला विचारलं, तर तिचं सगळं बोलणं
खोकल्यासकट पिवळं झालं.

शेऱ्याला दोनशे अक्षरं मिळतात.
चांगुणेचं आडनाव मला माहीत नाही.
गावात पाणी पावणेपाचला येतं,
आत्या तेव्हा उठलेली असते, हंडे भरत.
आत्ता साडेतीन.
तोवर ही चौकट उघडी ठेवतो.