समोरची पाटी

हकीमुद्दीननं समोर दुकान थाटलं
त्या दिवशी माझा कुकर
चाळीस रुपयांनी उतरला.
दुसऱ्या दिवशी त्याचा, साठांनी.
भांडी बाजारातल्या बायका
एक पाय त्याच्या ओट्यावर, एक माझ्या
ठेवून भाव करायच्या,
आणि कधी नव्हे ते
मी कढईच्या बुडावर टिचकी मारून
माल पारखून घ्यायला लागलो.
खोटं का बोलू,
त्याच्या धाकानंच मी सचोटीचा झालो.

वीस वर्षं आम्ही
एकमेकांची पाटी वाचून शटर उचललं.

आता विल्होळीच्या गोदामातून
खोकी निघतात, थेट दाराशी.
त्या भावात आम्हाला नुसता पत्रा मिळत नाही.
सूनबाईनं परवा इडलीपात्र मागवलं,
माझ्याच घरी.
घेऊन आला तो आमच्या हमालाचा,
पुंजाबाचा नातू.
म्हणाला, महिन्याला बावीस हजार पडतात, शेठ.
पुंजाबाला मी काय देत होतो
ते त्यानं विचारलं नाही.
मीच पाणी आणायला आत गेलो.

संध्याकाळी गिऱ्हाईक नसतं.
हकीमुद्दीन रस्ता ओलांडून येतो.
दोन कटिंगचे पैसे कोण देणार
यावर तेवढी
आमची बोली लागते.