फुटाचा भाव

समुद्रापार, वॉशिंग्टनच्या कुठल्याशा तळघरात
आमच्या बेटाचं युद्ध डब्यांत बंद होतं
आणि मिळत होतं फुटावर,
कापड मिळतं तसं.
एका फुटात चाळीस चित्रं.
पडद्यावर दोन सेकंदसुद्धा नाहीत.

ओकिनावात गावोगाव बिस्किटांचे डबे फिरले.
मासळीचे पैसे, गुळाचे पैसे,
अमेरिकन तळावर चादरी धुऊन मिळालेलेही.
मी बसचा ड्रायव्हर. प्रोजेक्टर जड, जिने अरुंद,
म्हणून घेतलं मला.
इतिहासाशी माझा संबंध एवढाच: वजनाचा.

पहिलं रीळ एकशेदहा फुटांचं.
गावच्या सभागृहात चादर ताणली,
डासांची उदबत्ती लावली.
शेजारी कुणीतरी कारलं परतत होतं.
चित्रं मुकी, म्हणून म्हातारीकोतारीच बोलत होती:
तो बघ आमचा बांध. ती विहीर.
छट्, ती वरच्या आळीची.
पडद्यावर गोळे पडत होते
आणि लोक विहिरीवरून भांडत होते.

मग एक मुलगी आली.
अनवाणी, पाठीला पोर बांधलेलं,
थेट आमच्या अंगावर चालत.
मागच्या रांगेतून कुणी म्हणालं, नाबे.

नाबे म्हणजे पातेलं.
आमच्याकडे तेव्हा मुलींना भांड्यांची नावं ठेवत;
विस्तवावर टिकतात, म्हणायचे.
नाकांदाकारी नाबे दर जूनला शाळेत जाऊन सांगायची
गुहेतले तेरा दिवस,
छतातून ठिबकणारं पाणी जिभेवर झेलायचं,
आधी भावाच्या, मग स्वतःच्या.
छावणीत पोचून गाठ सोडली, तर चोतोकु गार.
वाटेत कधी गेला, कळलंच नाही.
मेलेल्याचं ओझं वेगळं लागत नाही, मुलांनो.
आणि शेवटी दरवेळी तेच वाक्य:
त्या उन्हाळ्यात मी एकदाही हसले नाही.

पडद्यावर ती हसत होती.
पुढचा दात पडलेला,
खळी पडेपर्यंत, तोंड भरून.

सभागृहात फक्त यंत्राची घरघर.
आणि कारल्याचा वास.
मी दिवे लावणार, तोच ती म्हणाली,
"मागे घे."

घेतलं. तिच्या वाटणीचे चार फूट.
सात सेकंद भरत नाहीत.
"पुन्हा."
सगळे तिचा चेहरा बघत होते, चादरीवरचा.
ती बघत होती
कमरेशी लोंबणारं एक इवलं पाऊल.
अकराव्या वेळी उठून ती चादरीला नाक लावून उभी राहिली,
तेव्हा ती आठ वर्षांची पोर
म्हातारीच्या पाठीवर चालू लागली.

"पाय हलतोय."
मग बऱ्याच वेळानं,
"माझ्या चालण्यानं हलतोय, का त्याच्या मनानं?"
मला विचारलं. मी ड्रायव्हर.

पुढचे फूट मागवायला डबा पुन्हा फिरला.
सात महिने गेले.
पार्सल आलं तेव्हा मी तिला एकटीलाच बोलावलं,
दारं लावून घेतली, पडदे ओढले.

कॅमेरावाला वळला होता.
जीपला बांधलेली एक बकरी
शिपायाची टोपी चघळत होती.
शिपाई ओढतोय, बकरी सोडत नाही.
ना मुलगी, ना पाऊल.
टोपी तेवढी फाटली, आणि रीळ संपलं.

नाबे पांढऱ्या चादरीकडे बघत राहिली.
"असेल," म्हणाली.
मी विचारलं, काय?
ती चपला शोधायला लागली.

त्या जूनमध्ये शाळेत मीच तिला बसनं नेलं.
गुहा झाली, पाणी झालं, गाठ सुटली.
शेवटच्या वाक्यापाशी ती अडखळली,
मग म्हणाली,
त्या उन्हाळ्यात मी हसले. चार फूट.
बहुतेक एका बकरीला.

मागच्या बाकावर एक पोरगं फिस्सकन हसलं.
बाईंनी डोळे वटारले.
"हसू दे त्याला," नाबे म्हणाली,
आणि बोलता बोलता तिचा हात
आपसूक मागे गेला, कमरेशी,
काहीतरी चाचपत.