वेचणी

भुसावळात मे महिन्यात डांबर वितळतं
आणि मी खाली मान घालून चालतो.
नट, वॉशर, सायकलचा छर्रा,
दिसलं की उचलतो, खिशात टाकतो.
सून धुण्याआधी खिसे उलटे करते,
काही बोलत नाही. बोलली तरी
डावा कान सी हॉकला देऊन बसलोय.

बाप लोको शेडात फायरमन होता.
कॅटपल्टची वाफ पहिल्यांदा अंगावर आली
तेव्हा समुद्र राहिला बाजूला, बाप आठवला.

आई विचारायची, तू काय करस रे तठे?
वेचणी, मी म्हणायचो.
ती हसायची. समुद्रात कसला कापूस?
पण खरंच, उड्डाणाआधी
हातभर अंतरावर आम्ही तीस जण
या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकून चालायचो,
एखादा खिळा इंजिनाच्या घशात जाऊ नये म्हणून.

थरकन साहेब बसताना
हेल्मेटवर दोन टिचक्या मारायचे.
त्या दिवशीही मारल्या.
विमान डेकच्या कडेवरून खाली दबलं,
वर आलं नाही.
उतरायच्या तारा संध्याकाळपर्यंत ताणलेल्याच,
सैल करा, असं कुणी म्हणेना.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ओळ.
इतका वाकलो की पाठीत उसण भरली.
काही सापडलं नाही.
म्हणजे चूक आमची नव्हती.
किंवा ती आदल्या दिवशीच
साहेबांबरोबर गेली होती.

आज जामनेर रोडला, केळीच्या ट्रकमागे,
एक कॉटर पिन मिळाली.
तळहातावर घेऊन उभा राहिलो.
मागे रिक्षावाला हॉर्न वाजवत होता म्हणे.
डावीकडून.