लोखंडाची मूठ

येऊरच्या उतारावरची तांबडी माती,
चमचाभर, खलात.
लोखंड आहे म्हणून तांबडी,
आणि लोखंड आहे म्हणून चिक्कू:
फॉस्फरसचा कण हाती लागला
की सोडत नाही.

मथुरा मढवी आमच्या प्रयोगशाळेत
एकोणीस वर्षं बाटल्या धुते.
तळ्याचं वरचं पाणी नळीत घेतलं,
थेंब टाकले. काहीच नाही.
मग तळाचं, गाळाला टेकलेलं,
कुजक्या अंड्याच्या वासाचं:
दहा मिनिटांत निळंशार.

"बाई, निळं म्हणजे चांगलं ना?"

नाही, मथुरा. निळं म्हणजे
खाली श्वास संपलाय.
प्राणवायू गेला की लोखंड नरमतं,
मूठ उघडते,
वर्षानुवर्षं धरून ठेवलेलं
एका मे महिन्यात पाण्याच्या हवाली.
मग शेवाळ. मग पालथे तिलापिया.
मग पेपरात निर्माल्याला दोष, मूर्तींना दोष,
आणि टॉवरच्या पायासाठी कापलेला डोंगर
दर पावसाळ्यात थोडा थोडा
तळ्यात येऊन निजतो,
त्याची बातमी होत नाही.

मथुरा नळी उजेडात धरते.
"आमचे सासरे असेच.
किल्ली कायम कमरेला.
शेवटी धाप लागली तेव्हा
बोटं आपणच सैल झाली."

पेटीत काय होतं?

"सातबारे.
घणसोलीच्या जमिनीचे.
जमीन कधीच गेलेली."

ती नळी विसळते.
निळं पाणी मोरीतून
खाडीकडे.