चार बोटं

भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा,
हे मी आधी सांगतो, पिशवी खाली ठेवायच्याही आधी.
मागच्या जाळीला श्वास लागतो.
घाटावर ती पंधरा वर्षं काढते,
इथे खारा वारा तिसऱ्याच वर्षी तिची हाडं लाल करतो.

मग दार.
दहाची नोट दारात धरून दार लावायचं आणि ओढून बघायची.
अलगद सुटली तर थंडीही रात्रभर तशीच सुटतेय,
रबर बदला.
लोक म्हणतात, नोट तेवढी परत द्या हं.

मोचेमाडपासून शिरोड्यापर्यंत
घरांची पोटं पाहिलीत मी, दिवा लागलेली.
वरच्या खणात बांगडे, खाली दूध,
आणि दुधाला वास म्हणून गवळ्याशी भांडण!
मासळी तळाला, डब्यात, झाकण घट्ट.
पाण्याला खाली गळायला कुणी शिकवावं लागत नाही.
दूध मागच्या अंगाला. दारात आगळाची बाटली,
तिला कशाचंच काही वाटत नाही.
केळी बाहेर. आत ती काळी पडून रुसतात.
आणि कढत आमटी घाईने आत ढकलू नका,
शेजारच्यांना घाम फुटतो.

नवाबागेत सत्यवती कुबलांनी बोलावलं ते बिलासाठी.
"एकटेचा बिल इतक्या कसा इला? आत काय्येक नाय, बघ."
खरंच नव्हतं. अर्धं लिंबू,
ओल्या फडक्यात कोथिंबीर.
फ्रीज मात्र दोन ट्रॉलरच्या घराचा,
बंदीचे दोन महिने सुरमई निजायची त्यात.
आता ट्रॉलर विकलेले, मुलगे वास्कोला.

म्हटलं, मावशी, रिकामा आहे म्हणूनच खातोय.
दार उघडलं की थंडी सगळी पायांवर सांडते,
आत तिला धरून ठेवणारं कुणी नाही.
पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा.
"म्हणजे पाणी भरान ठेवलंय की वीज कमी लागतली?"
होय.
तिने माझ्याकडे पाहिलं, देवऋषाकडे पाहावं तसं.

दोन महिन्यांनी दिवा बदलायला गेलो.
बाटल्या होत्या. एकोणीस मोजल्या.
गोठलेल्या पहाटे होडीवर जातात,
नेणारा साध्या पाण्याच्या ठेवून जातो.
मधल्या खणात दत्तारामचं इन्सुलिन,
बर्फापासून लांब, अगदी योग्य जागी. हे मी नव्हतं सांगितलं.
हर्षदाच्या खानावळीची कोलंबी, पुड्यांवर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर नाव.
कुणाच्या तरी पोराचा केक, एक कोपरा बोटाने चाटलेला.

बिल टेबलावर होतं. सत्तर रुपयांनी जास्त.
कारण माझ्या डोळ्यांसमोर उघडझाप करत होतं,
मी होतो तेवढ्यात पाच वेळा.
सांगायला तोंड उघडलं,
तर ती म्हणाली, "दार लाव रे, थंडी जाता."

लावलं.
येणाऱ्याजाणाऱ्यांच्या धक्क्यांनी
फ्रीज पुन्हा भिंतीला टेकला होता.
तेवढा पुढे ओढून दिला.
चार बोटं.